बोनेरच्या समुद्रात उतरण्याआधी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर बोनेर नावाचं एक कोरडं, निवडुंगांनी भरलेलं छोटं बेट आहे. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, पाठीवर सिलिंडर चढवायचा आणि चालत समुद्रात शिरायचं. थोडं पोहलं की खाली प्रवाळभित्तीचा उतार सुरू होतो. होडी लागत नाही, सोबत गाईड असलाच पाहिजे असंही नाही. किनाऱ्यावरून उतरता येतील अशा ६० हून जास्त जागा आहेत आणि प्रत्येक जागेचं नाव रस्त्यालगतच्या पिवळ्या दगडावर रंगवलेलं असतं.

एवढी मोकळीक जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. ती मिळते कारण या बेटाने फार लवकर नियम केले. कासवांच्या घरट्यांना १९६१ मध्येच संरक्षण मिळालं, १९७१ मध्ये भाल्याने मासेमारी बंद झाली, १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यावर आणि उचलण्यावर बंदी आली, मग ते जिवंत असो वा मेलेलं. १९७९ मध्ये भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा, बेटाभोवतीचा सगळा समुद्र संरक्षित सागरी उद्यान झाला. तुम्ही पायाचा घोटा भिजवलात तरी उद्यानाच्या हद्दीत असता. म्हणून या लेखात समुद्रातली मजा आणि समुद्राची राखण असे दोन भाग केलेले नाहीत. बोनेरमध्ये ते वेगळे काढताच येत नाहीत.

निघण्याआधीची कामं

बोनेर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, पण शेंगेन क्षेत्रात नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा म्हणजे बोनेरचा परवाना असं गृहीत धरू नये. कॅरिबियन भागासाठी वेगळा व्हिसा असतो आणि त्यातून सूट कोणाला मिळते हे डच दूतावासाच्या संकेतस्थळावर बघावं. अ‍ॅमस्टरडॅमहून थेट विमानं आहेत, अमेरिकेतल्या काही शहरांतूनही आहेत. त्यामुळे नेदरलँड्समध्ये किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रवास त्यातल्या त्यात सोपा जातो. चलन अमेरिकी डॉलर. नळाचं पाणी समुद्राचंच, क्षार काढलेलं आणि पिण्याजोगं. तेव्हा बाटल्या विकत घेऊ नका, घरून एक चांगली बाटली न्या.

दोन प्रकारचे पैसे वेगवेगळे भरायचे असतात आणि नवखी माणसं इथे हमखास गोंधळतात. एक म्हणजे बेटावर येण्याचा कर, प्रौढांसाठी ७५ डॉलर. दुसरं म्हणजे निसर्ग शुल्क, जे स्टिनापा ही उद्यान सांभाळणारी संस्था घेते. ते सध्या ४० डॉलर आहे आणि त्या कॅलेंडर वर्षापुरतं चालतं. आकडे बदलत आले आहेत, म्हणून निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर एकदा खात्री करा आणि तिथेच दोन्ही भरून पावत्या मोबाइलवर ठेवा.

निसर्ग शुल्क देताना कुरकुरू नका. १९७९ मध्ये उद्यान सुरू झालं ते बाहेरच्या देणग्यांवर. त्या आटल्या आणि ऐंशीच्या दशकात उद्यान बरीच वर्षं कागदावरच राहिलं. १९९२ मध्ये डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात झाली तेव्हा कुठे गस्त, बोटी बांधण्याचे कायमचे बोये आणि कर्मचाऱ्यांचे पगार यांची सोय लागली. तुमचे पैसे तिथेच जातात.

आता प्रशिक्षण. मालवण-तारकर्लीला आपल्यातले पुष्कळ जण स्कूबा करून आलेले असतात. तिथे बहुतेकदा प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो, हवा-वजन सगळं तोच सांभाळतो. तो अनुभव सुंदर असतो, पण बोनेरमध्ये स्वतंत्रपणे डायव्ह करायला तो पुरत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा किमान ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिल्या पायरीचा कोर्स झालेला हवा. झाला असेल आणि मध्ये बराच काळ गेला असेल, तर निघण्याआधी तलावात उजळणी करून घ्या. कोर्स बोनेरलाही करता येतो, पण सुट्टीतले पहिले दिवस त्यात जातील हे धरून चाला. पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका. लाइफ जॅकेट घालून प्रवाळावर तरंगणारा घाबरला की पाय खाली सोडतो, आणि तिथे खाली प्रवाळ असतं.

डायव्हिंगचा अपघात भरून देणारा विमा वेगळा घ्यावा लागतो. साध्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो. क्रालेंडाइक या राजधानीतल्या रुग्णालयात रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डायव्हिंगच्या अपघातानंतर उपचार करायची दाबाची खोली आहे, ही मोठी दिलाशाची गोष्ट. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर डॉक्टरांचं पत्र घरूनच न्या.

बॅगेत काय

सनस्क्रीनपासून सुरुवात करू. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमवर बोनेरमध्ये २०२१ पासून बंदी आहे, कारण ही रसायनं प्रवाळाच्या वाढीला बाधतात. ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. झिंक ऑक्साइडची क्रीम चालते. त्याहून चांगलं म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि पायघोळ लेगिंग. जितकं अंग कापडाखाली तितकं कमी क्रीम पाण्यात. पाणी २६ ते २९ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे बहुतेकांना पातळ वेटसूट पुरतो.

जाड तळव्याचे बूट हवेतच. किनारा वाळूचा नाही, तुटक्या प्रवाळाच्या खड्यांचा आहे आणि पाण्यातल्या दगडांवर शेवाळ असतं. फिन, म्हणजे पोहताना पायात चढवायच्या वल्ह्यासारख्या पट्ट्या, अशा घ्या की ज्या बुटांवरून चढतात. हातमोजे मात्र घेऊ नका, उद्यानात त्यांना मनाई आहे. मोजे घातले की माणूस बिनधास्त कशालाही धरतो, हे त्यामागचं साधं कारण. पाण्याखाली चाकू नेण्यालाही मनाई आहे.

बोनेरआधी दुसऱ्या कॅरिबियन बेटावर किंवा फ्लोरिडात डायव्ह केलं असेल तर सगळं साहित्य निर्जंतुक करून, खडखडीत वाळवून आणा. याचं कारण पुढे येतं आहे.

पहिला दिवस: घाई नको

विमानातून उतरल्यावर लगेच पिकअप गाडी घेऊन निघावंसं वाटतं. तसं करता येत नाही. प्रत्येक डायव्हरने आधी एखाद्या डायव्ह सेंटरमध्ये उद्यानाची माहिती ऐकायची आणि त्यांच्याच समोरच्या पाण्यात एक तपासणी डायव्ह करायची, असा नियम आहे. जुन्याजाणत्या डायव्हरलाही तो लागू आहे आणि मला तो सगळ्यात शहाणा नियम वाटतो.

या पहिल्या डायव्हमध्ये एकच गोष्ट नीट करा: कमरेचं वजन. नवखे लोक जास्त शिसं बांधतात, मग बुडू नये म्हणून डायव्हिंगच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये जास्त हवा भरतात, आणि मग पाय खाली लोंबकळत राहतात. त्या लोंबत्या फिनचा एक फटका पुरे. बोनेरच्या भित्तीवरची मोठी गोलाकार प्रवाळं वर्षाला साधारण एखादाच सेंटिमीटर वाढतात. तुमच्या फिनखाली जे मोडेल ते तुमच्या आजोबांच्या लहानपणी उगवलेलं असू शकतं. वाळूच्या तळावर, प्रवाळापासून दूर, गुडघे न टेकता स्थिर तरंगता येईपर्यंत वजन कमी करत जा. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. एवढं जमलं की पुढचे सगळे दिवस सुखाचे.

किनाऱ्यावरून उतरण्याची पद्धत

गाडी उभी केल्यावर साहित्य चढवण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाण्याकडे बघा. लाटा कुठे फुटतात, आत जायची वाट कोणती, आणि मुख्य म्हणजे बाहेर येताना खूण कोणती धरायची हे ठरवा. पाण्यातून सगळा किनारा सारखाच दिसतो.

गाडीत मौल्यवान काही ठेवू नका. पासपोर्ट, पैसे, मोबाइल खोलीवरच राहू द्या. तिथे लोक रिकामी गाडी कुलूप न लावता, काचा खाली करून ठेवतात, म्हणजे काच फोडायचं कारणच उरत नाही.

जॅकेटमध्ये हवा भरलेली, मास्क चेहऱ्यावर, रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन तोंडात, फिन हातात, अशा अवस्थेत जोडीदाराचा हात धरून हळूहळू चालत कमरेएवढ्या पाण्यात जा. दोन लाटांच्या मधल्या शांत वेळात एकाने दुसऱ्याचा खांदा धरून फिन चढवायच्या. उभं राहणं अवघड वाटलं तर सरळ पाण्यावर आडवे व्हा. उभं राहण्याच्या खटपटीतच लोक पडतात. बाहेर येताना हेच सगळं उलट क्रमाने.

आत गेल्यावर साधारण १० मीटर खोलीवर भित्तीचा काठ येतो आणि तिथून उतार खाली जातो. प्रवाह कुठून कुठे वाहतो ते बघा आणि आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा. सिलिंडरमधल्या हवेचा दाब सुरुवातीला २०० बार असेल तर १२० च्या आसपास वळा; परतताना प्रवाह तुम्हाला आणून सोडतो. परतीचा रस्ता उथळ पाण्यातून ठेवा. पृष्ठभागावर दिसेल अशी फुगवायची खूणनळी प्रत्येकाकडे हवी, कारण वरून मासेमारीच्या होड्या आणि वॉटर टॅक्सी जातात.

वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून येतो, म्हणून पश्चिम बाजू शांत आणि पूर्व बाजू खवळलेली. पूर्वेच्या उघड्या किनाऱ्यावर पोहायला उतरू नका, कितीही सुंदर दिसला तरी. आणि कधी वारा उलटला, पश्चिमेकडून लाटा यायला लागल्या, तर त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही. बोनेर वादळांच्या मुख्य पट्ट्याबाहेर आहे, तरीही १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये लेनी चक्रीवादळाच्या लाटांनी पश्चिमेचं उथळ प्रवाळ मोडून टाकलं होतं.

कुठून सुरुवात करावी

पहिले एक-दोन दिवस राहत्या जागेजवळच्या शांत ठिकाणी काढा. शहराच्या उत्तरेला असलेली बारी रीफ माशांच्या विविधतेसाठी नावाजलेली आहे आणि नवख्याला झेपते. ‘थाउजंड स्टेप्स’ या नावाने घाबरू नका, पायऱ्या शंभरसुद्धा नाहीत. मात्र सिलिंडर पाठीवर घेऊन भर उन्हात वर चढताना त्या पुरेशा वाटतात. तिथून पुढे उत्तरेकडचा रस्ता एकेरी आहे, म्हणजे विसरलेली वस्तू आणायला मागे वळता येत नाही.

दक्षिणेला मिठाच्या कारखान्याचा धक्का आहे, सॉल्ट पिअर. जहाज लागलेलं नसेल तेव्हाच तिथे उतरायचं. खांबांवर केशरी-जांभळे स्पंज, मधल्या सावलीत टार्पन माशांची रांग, कधी कासव. त्याच बाजूला हिल्मा हूकर हे १९८४ मध्ये बुडालेलं सुमारे ७० मीटर लांबीचं मालवाहू जहाज ३० मीटरच्या आसपास आडवं पडलं आहे. त्यासाठी खोल पाण्याचं प्रशिक्षण आणि हवेचा हिशेब पक्का हवा. पहिल्याच सहलीत ते झालंच पाहिजे असं नाही. अगदी दक्षिण टोकाच्या रेड स्लेव्हला प्रवाह जोराचा असतो, नवख्यांनी तिथे माहीतगाराशिवाय जाऊ नये. तिथे काठावर गुलामांच्या बुटक्या दगडी झोपड्या उभ्या आहेत. मिठागरांत राबणारी माणसं त्यात झोपत. डच वसाहतींत गुलामगिरी १८६३ मध्ये संपली. डायव्ह करा न करा, पण तिथे थांबा आणि वाकून आत बघा.

स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघण्यासाठी, माझी पसंती क्लाइन बोनेरला. समोरचं हे निर्जन बेट १९९९ मध्ये खासगी मालकाकडून विकत घेऊन जपलं गेलं, नाहीतर तिथे आज हॉटेलं असती. वॉटर टॅक्सी तुम्हाला प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडते आणि तुम्ही वाहत वाहत नो नेम बीचपर्यंत येता. सावली, नळ, शौचालय, दुकान काहीही नाही. पाणी आणि टोपी न्या, कचरा परत आणा.

डायव्हिंग करायचं नसेल तर

आग्नेयेकडचा लाक बे हा उथळ खाडीसारखा भाग आहे. बाहेरच्या भित्तीवर लाटा फुटतात आणि आत कमरेएवढं सपाट पाणी, वर सतत वाहणारा वारा. विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यावर जाणं, शिकायला याहून सोयीची जागा मी पाहिलेली नाही. पडलात तर उभे राहता. टाटी आणि टोंकी फ्रान्स हे भाऊ आणि किरी टोडे असे जगभर नाव झालेले विंडसर्फर या बेटाचे आहेत. शिकवणाऱ्या शाळा सोरोबोनच्या किनाऱ्यावर आहेत. पतंगाने ओढत नेणारं काइटसर्फिंग मात्र इथे चालत नाही, त्यासाठी नैर्ऋत्येचा किनारा ठरलेला आहे.

लाक बेचा तळ मोकळा दिसत असला तरी तिथे समुद्री गवत आहे आणि हिरवी कासवं तेच खातात. चालायचं तर वाळूच्या पट्ट्यांवरून चाला. आतल्या बाजूला खारफुटी आहे. भित्तीवर दिसणाऱ्या किती तरी माशांची पिल्लं या मुळांमध्ये वाढतात. तिथे कयाकने, माहीतगार गाईडबरोबरच जा. कोकणातली खाडी पाहिलेल्या माणसाला हे झाड ओळखीचं वाटेल, पाणी मात्र इतकं नितळ की मुळांवरचे स्पंज वरून मोजता येतात.

एक गोष्ट मुद्दाम कॅलेंडर बघून जुळवा. पौर्णिमेनंतरच्या दोन ते पाच दिवसांत, संधिप्रकाश सरल्यावर आणि चंद्र उगवण्याआधी, ऑस्ट्रॅकॉड नावाचे तिळाएवढे कवचधारी जीव उथळ पाण्यात निळे ठिपके पेटवतात. नर मादीला बोलावताना प्रकाशाचे थेंब एकापाठोपाठ एक ओळीने सोडत जातो. डायव्ह सेंटरबरोबर जा, आणि खाली पोचल्यावर टॉर्च बंद करा. टॉर्च चालू ठेवणारा एक जण सगळ्यांची रात्र घालवतो आणि त्या जिवांचीही.

पाण्यातली वागणूक

कशालाही हात लावायचा नाही, कशावरही उभं राहायचं नाही, माशांना खाऊ घालायचं नाही. एवढं सगळेच सांगतात. त्यापलीकडचं थोडं सांगते. कासव दिसलं की त्याच्या वर जाऊ नका, त्याला श्वासासाठी वर यायची वाट मोकळी हवी. बाजूने, लांबून बघा. ते चरायचं थांबलं तर तुम्ही जास्त जवळ गेलात. कॅमेरा हातात असला की तोल जातो, म्हणून स्थिर तरंगता येईपर्यंत कॅमेरा खोलीवर ठेवा. फोटोसाठी एका हाताने प्रवाळ धरून दुसऱ्या हाताने बटण दाबणारी माणसं मी पाहिली आहेत आणि पाण्याखाली ओरडता येत नाही याचं मला फार वाईट वाटलं आहे.

आता साहित्य निर्जंतुक करायला लावणाऱ्या रोगाबद्दल. स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज हा प्रवाळाचा रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात दिसला, कॅरिबियनभर पसरत गेला आणि २०२३ मध्ये बोनेरला पोचला. तो वीसहून जास्त जातींच्या कठीण प्रवाळांना होतो. मेंदूसारख्या वळ्यांच्या प्रवाळावर आधी पांढरा डाग पडतो, जिवंत ऊती सुटत जाते आणि शेकडो वर्षांची वसाहत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरते. माणसाला यापासून धोका नाही, पण पाण्यातून आणि ओल्या साहित्यातून तो पसरू शकतो. म्हणून डायव्ह सेंटरवर जंतुनाशकाच्या टाक्या असतात. दर दिवसाअखेर वेटसूट, जॅकेट, बूट सगळं सांगितलेल्या वेळेपुरतं त्यात बुडवा आणि मग गोड्या पाण्याने धुवा. एका दिवसात दोन ठिकाणी जायचं असेल तर आधी निरोगी जागी जा, रोग असलेल्या जागी नंतर. काही जागा बंद केलेल्या असू शकतात. बंद म्हणजे बंद, कोणी बघत नसलं तरी.

हातभार लावायचा असेल तर

नुसती हौस इथे कामाची नाही, प्रशिक्षण लागतं, आणि ते पर्यटकालाही मिळतं. रीफ रिन्यूअल फाउंडेशन ही संस्था पाण्याखाली प्रवाळाची रोपवाटिका चालवते. हरणाच्या शिंगांसारख्या दोन जाती, स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न, सत्तर-ऐंशीच्या दशकांत एका रोगाने कॅरिबियनभर जवळजवळ संपल्या. त्यांचे तुकडे पाण्यात टांगलेल्या कृत्रिम झाडांवर वाढवतात आणि मोठे झाले की भित्तीवर नेऊन लावतात. छोटा कोर्स केला की तुम्हीही त्या झाडांवरचं शेवाळ घासण्याच्या कामाला लागू शकता. काम कंटाळवाणं आहे आणि अतिशय गरजेचं आहे.

लायनफिश हा मूळचा आपल्याकडच्या, हिंदी-प्रशांत महासागराच्या पाण्यातला मासा. तो कॅरिबियनमध्ये शिरला, बोनेरला २००९ मध्ये दिसला आणि तिथल्या छोट्या माशांचा फडशा पाडू लागला. त्याला मारायला खास भाला आणि प्रशिक्षण लागतं. तुम्ही निदान हॉटेलात त्याची मागणी करू शकता. चव छान, काटे शिजवल्यावर निर्धोक.

कासवांसाठी सी टर्टल कन्झर्वेशन बोनेर ही संस्था १९९१ पासून काम करते. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहिलेल्यांना हे काम लगेच कळेल. घरट्यांच्या हंगामात किनाऱ्यावर रात्री पांढरा उजेड करू नका, वाळूत खुणेच्या काठ्या दिसल्या तर बाजूने जा, आणि जखमी किंवा दोऱ्यात अडकलेलं कासव दिसलं तर स्वतः सोडवण्याआधी संस्थेला फोन करा. नंबर पहिल्याच दिवशी डायव्ह सेंटरमधून घेऊन ठेवा.

शेवटचा दिवस

शेवटची डायव्ह आणि विमान यांत २४ तासांचं अंतर ठेवा. त्या दिवशी उत्तरेकडच्या वॉशिंग्टन स्लाखबाई राष्ट्रीय उद्यानात गाडीने फिरा. निसर्ग शुल्काची पावती तिथेही चालते. सकाळी लवकर जा, रस्ते कच्चे आहेत आणि ओळखपत्र लागतं. साहित्य आदल्या संध्याकाळीच जंतुनाशकात बुडवून वाळत घाला, म्हणजे बॅगेत ओलं जाणार नाही. बॅग भरताना मुलांचे खिसे तपासा: शिंपला, प्रवाळाचा पांढरा खडा, शंखाचा तुकडा, जे सापडेल ते त्याच किनाऱ्यावर परत ठेवून या. मेलेलं प्रवाळ नेणंही गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.